गाडीतला स्टिरिओ मागेच का राहतो?

मी नक्की काय काम करतो हे नातेवाइकांना समजावून सांगायला मला दोनेक वर्षं लागली. "सॉफ्टवेअरमध्ये आहे" एवढ्यावर आईबाबांचं भागतं, पण काका-मावश्यांचं भागत नाही. शेवटी मी एक वाक्य पाठच करून टाकलं: "गाडीत तो गाणी लावायचा टीव्हीसारखा स्क्रीन असतो ना, त्याचं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो." लग्नकार्य असो नाहीतर सोसायटीचा गणपती, हे वाक्य सगळीकडे चालतं. फक्त त्याच्या पाठोपाठ पुढचा प्रश्न हमखास येतो. "हां, मग ते इतकं भंगार का असतं रे?"

प्रश्न अगदी रास्त आहे. पंधरा लाखांची गाडी घ्यायची, आणि तिचा स्क्रीन पंधरा हजारांच्या फोनपेक्षा मंद चालणार. शिवाय हे काही आजचं दुखणं नाही. कॅसेट, सीडी, आयपॉड, ब्लूटूथ.. घरात किंवा खिशात आलेली प्रत्येक गोष्ट गाडीत पोचेपर्यंत मधे काही वर्षं गेलेली आहेत. लोकांचा समज असा की गाडी कंपन्यांतली माणसं झोपा काढतात. मी या धंद्यात पाच-सहा वर्षं काढली आहेत आणि मला आतून दिसणारं चित्र बरंच वेगळं आहे. आज शनिवार आहे, बाहेर पाऊस आहे, तेव्हा एकदाचं सगळं लिहूनच काढतो. म्हणजे पुढच्या लग्नात नुसती लिंक पाठवता येईल.

तर थोडा इतिहास.

गाडीतला रेडिओ लोकांपर्यंत पोचवला तो मुळात गाडी बनवणाऱ्यांनी नाहीच. शिकागोमध्ये पॉल गॅल्विन नावाच्या गृहस्थांची छोटी कंपनी होती. तिने १९३० मध्ये गाडीत बसवता येईल आणि त्यातल्या त्यात परवडेल असा रेडिओ तयार केला. गॅल्विनसाहेबांनी तो स्वतःच्या स्टुडबेकर गाडीत बसवला आणि ती गाडी चालवत थेट अटलांटिक सिटीला, रेडिओ बनवणाऱ्यांच्या अधिवेशनाला नेली. आत त्यांचा स्टॉल नव्हता. मग काय, गाडी बाहेर उभी केली आणि रेडिओ मोठ्याने लावला! त्या काळी व्हिक्ट्रोला हे ग्रामोफोनचं गाजलेलं नाव होतं. त्याच धर्तीवर 'मोटर'ला 'ओला' जोडून या रेडिओचं नाव पडलं मोटोरोला. हो, तीच ती मोबाइलवाली.

पुढच्या नव्वद-पंच्याण्णव वर्षांची गोष्ट बरीचशी अशीच आहे. बाहेरचा कुणीतरी यंत्र आणतो, लोक ते आपापल्या गाडीत बसवून घेतात, आणि मग कारखाना सावकाश जागा होतो.

आता कुणी म्हणेल, कारखान्याने स्वतःच पुढाकार का घेऊ नये? तर तोही घेऊन झालाय. क्रायस्लरने १९५६ च्या गाड्यांत चक्क रेकॉर्ड प्लेअर दिला होता. नाव 'हायवे हाय-फाय'. सीबीएसचे पीटर गोल्डमार्क, म्हणजे एलपी रेकॉर्डच्या मागचा माणूस, यांचं हे डोकं. धावत्या गाडीत सुई उडू नये आणि रेकॉर्ड आकाराने लहान राहावी म्हणून त्यांनी सात इंची, अतिशय बारीक खाचांची आणि एलपीच्या निम्म्या वेगाने, म्हणजे मिनिटाला १६ पूर्णांक २/३ फेऱ्यांनी फिरणारी खास रेकॉर्ड बनवली. एका बाजूला पाऊण तास संगीत मावायचं. १९५६ च्या मानाने कमालच म्हणायची. पण घरी असलेल्या रेकॉर्डचा इथे काहीही उपयोग नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून नवीन हिट गाणं आणलं तर तेही चालणार नाही. कोलंबिया कंपनी या खास आकारात जे काढेल तेवढंच गाडीत ऐकायचं. शिवाय यंत्र नाजूक, दुरुस्तीची बिलं वेगळी. काही वर्षांतच हे प्रकरण गुंडाळलं गेलं.

मला या गोष्टीत एक फार महत्त्वाचा धडा दिसतो. गाडी कंपनीने सगळ्यांच्या आधी उडी मारली तर ती चुकीच्या विहिरीत पडू शकते. आणि विहीर चुकली हे कळेपर्यंत हजारो गाड्या रस्त्यावर गेलेल्या असतात.

त्यानंतर फोर्डने १९६६ च्या मॉडेलांत एट-ट्रॅक टेपचा पर्याय दिला. तो बऱ्यापैकी चालला, कारण या वेळी यंत्राला मोटोरोला आणि गाण्यांना आरसीए अशी मोठी मंडळी सोबत होती. पण फिलिप्सची कॅसेट १९६३ मध्येच जन्माला आली होती. आकाराने लहान, आणि घरी रेकॉर्डिंग करायला सोपी. तिने पुढे एट-ट्रॅकला खाऊन टाकलं. ज्यांनी गाडीसाठी म्हणून कपाटभर कार्ट्रिज घेऊन ठेवली त्यांनी काय करावं?

मग सीडी. ती १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये जपानमध्ये बाजारात आली. १९८४ मध्ये पायोनिअर आणि सोनीने गाडीत बसवायचे सीडी प्लेअर काढले, म्हणजे पुन्हा बाहेरचेच लोक. अमेरिकन कारखान्यातून सीडी प्लेअरसकट निघालेली पहिली गाडी, लिंकन टाऊन कार, यायला १९८७ चं मॉडेल उजाडलं. आणि दुसऱ्या टोकाला, कॅसेट प्लेअर कारखान्यातून बसवून अमेरिकेत विकल्या गेलेल्या अगदी शेवटच्या गाड्यांपैकी एक होती लेक्सस एससी ४३०, मॉडेल २०१०. आयफोन येऊन तोवर तीन वर्षं झाली होती!

हे वाचून हसू येतं खरं. पण अशी गाडी घेणाऱ्या पन्नाशीच्या माणसाकडे घरी कॅसेटचे ढीग असणार हेही खरं आहे. गाडी कंपनीला फक्त नवीन आणायचं नसतं, जुनं कधी काढायचं हेही ठरवायचं असतं, आणि दुसरा निर्णय जास्त अवघड. ताजं उदाहरण एएम रेडिओचं. इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरचा इन्व्हर्टर एएममध्ये इतकी खरखर पाठवतो की काही कंपन्यांनी एएम काढूनच टाकलं. फोर्डनेही तसं ठरवलं होतं. पण आणीबाणीच्या सूचना एएमवरून येतात म्हणून अमेरिकेत ओरड झाली आणि मे २०२३ मध्ये फोर्डने निर्णय फिरवला.

बरं, आता मूळ प्रश्न. उशीर नेमका होतो कुठे?

पहिलं कारण कॅलेंडर. आमच्या टीममध्ये आज ज्या प्रोजेक्टवर काम चालू आहे ती गाडी शोरूममध्ये यायला अजून दोन-अडीच वर्षं आहेत. तिच्यातली चिप, मेमरी, स्क्रीनचा आकार, मागच्या बाजूला किती आणि कुठली कनेक्टर असणार, हे सगळं ठरून कुलूप लागलेलं आहे. याला डिझाइन फ्रीझ म्हणतात. त्यानंतर साचे बनतात, वायरिंग ठरतं, चाचण्या होतात, आणि मग एक दिवस विक्रीची पहिली गाडी कारखान्यातून बाहेर पडते. ते मॉडेल पुढे सहा-सात वर्षं विकलं जातं. मधे एकदा, तीनेक वर्षांनी, फेसलिफ्ट होतं. काही मोठं बदलायचं असेल तर तेवढीच एक संधी.

आता आयपॉड या गणितात घालून बघा. आयपॉड आला ऑक्टोबर २००१ मध्ये. समजा एक गाडी २००३ मध्ये बाजारात आली. तिचं फ्रीझ झालं साधारण २००१ मध्ये, म्हणजे आयपॉड हे नावच कुणाला माहीत नव्हतं तेव्हा. तिचं फेसलिफ्ट २००६ मध्ये. विक्री बंद २००९ मध्ये. म्हणजे कुणीही आळस केला नाही, कुणीही मूर्खपणा केला नाही, तरी साधी ऑक्सची पिन यायला २००६ उजाडलं. आणि फेसलिफ्टच्या वेळीही ती राहून गेली असेल, तर २००९ मध्ये कोरी करकरीत गाडी घेणाऱ्याला आयपॉड लावायला जागाच नाही!

मधल्या काळात लोकांनी काय केलं? जुगाड. माझ्या मामाकडे सेकंडहँड गाडी होती, कॅसेटवाली. त्याने एक कॅसेट अडॅप्टर आणलं होतं. दिसायला कॅसेट, पण एका कोपऱ्यातून वायर बाहेर आलेली, आणि वायरच्या टोकाला मामाचा चायनीज एमपीथ्री प्लेअर. कोल्हापूरहून पुण्याला येताना तो प्लेअर मांडीवर सांभाळायचं काम माझ्याकडे असे. वायर ओढली गेली की एका बाजूचा स्पीकर बंद, आणि मग मामाचं "अरे धर की नीट!" इंजिनिअरिंगला गेल्यावर मला कळलं की त्या अडॅप्टरमध्ये टेपच्या जागी एक छोटं हेड असतं. गाण्याचा सिग्नल त्यातून गेला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि गाडीच्या प्लेअरचं हेड ते टेप समजून वाचतं. म्हणजे गाडीला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही की आत कॅसेटच नाही.

गंमत म्हणजे बीएमडब्ल्यूने जून २००४ मध्ये ऍपलबरोबर जे आयपॉड अडॅप्टर आणलं, त्याची युक्तीही याच घराण्यातली. आयपॉड ग्लव्ह बॉक्समध्ये जोडायचा, आणि गाडीला वाटणार की मागे सीडी चेंजर लावलेला आहे. गाडीच्या दृष्टीने प्लेलिस्ट म्हणजे एक सीडी. स्टिअरिंगवरच्या बटणांनी गाणं पुढे-मागे करता यायचं. थोडक्यात काय, मामाची आणि बीएमडब्ल्यूची कल्पना एकच, किंमत वेगळी :-)

दुसरं कारण ऊन, थंडी आणि वीज. हे बाहेरून दिसत नाही म्हणून लोकांना पटत नाही. ऍपलच्या स्वतःच्या सूचनेप्रमाणे आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये वापरावा. विदर्भात मे महिन्यात सावलीतसुद्धा पारा ४५ च्या घरात जातो. उन्हात तासभर उभ्या राहिलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या आसपास सहज तापतो. माणूस एसी लावून पाच मिनिटं थांबेल, पण गाणं मात्र त्याला किल्ली फिरवल्या फिरवल्या हवं असतं. गाडीतल्या चिपांसाठी एईसी-क्यू१०० नावाचं एक मानक आहे. त्यातली ग्रेड ३ म्हणजे उणे ४० ते ८५ अंश, ग्रेड २ म्हणजे उणे ४० ते १०५. फोनसाठी निघालेली नवी कोरी चिप या परीक्षेला बसायला तयार होईपर्यंत फोनवाले पुढच्या चिपवर गेलेले असतात.

विजेची तऱ्हा त्याहून वाईट. गाडीची लाइन १२ व्होल्टची असते असं आपण शाळेत शिकतो. प्रत्यक्षात थंडीत स्टार्टर मारला की तेच व्होल्टेज निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतं. त्या क्षणी रेडिओ रीस्टार्ट होऊन चालत नाही. उलट इंजिन चालू असताना बॅटरीची वायर निसटली तर अल्टरनेटरचा सगळा जोर लाइनवर येतो. त्याला लोड डम्प म्हणतात. आयएसओ १६७५०-२ या मानकातल्या कडक चाचणीत हा झटका ७९ ते १०१ व्होल्टचा असतो, तोही ४० ते ४०० मिलिसेकंद. आमच्या लॅबमध्ये मी पहिल्यांदा ही चाचणी बघितली तेव्हा मनात आलं, माझा लॅपटॉप इथे ठेवला तर धूर निघेल.

त्यात स्क्रीनवर आता नुसती गाणी राहिलेली नाहीत. रिव्हर्स कॅमेरा त्याच स्क्रीनवर दिसतो. अमेरिकेत मे २०१८ पासून तो प्रत्येक नव्या गाडीत सक्तीचा आहे, आणि गिअर रिव्हर्समध्ये टाकल्यापासून दोन सेकंदांत चित्र दिसलंच पाहिजे असा नियम आहे. तुमचा फोन चालू व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. त्या दोन सेकंदांसाठी आमच्याकडे माणसांनी महिनेच्या महिने काढलेले आहेत. मागे एखादं पोर खेळत असेल तर तिथे "लोडिंग, कृपया थांबा" चालत नाही.

तिसरं कारण पैसे, आणि इथे मात्र मी गाडी कंपन्यांची बाजू घेणार नाही. आपल्याकडे गाडी घ्यायला गेलेल्या प्रत्येकाने हा अनुभव घेतलाय. इंजिन तेच, चाकं तीच, पण बरा स्क्रीन आणि बरे स्पीकर हवे असतील तर वरचं व्हेरियंट घ्या, म्हणजे लाख-दीड लाख जास्त मोजा. स्टिरिओ ही ग्राहकाला वरच्या मजल्यावर नेणारी शिडी आहे. ती तळमजल्यावर फुकट कोण ठेवेल?

पूर्वी या दुखण्यावर सोपा इलाज होता. डॅशबोर्डमध्ये १८० बाय ५० मिलिमीटरची खाच असायची. मूळ जर्मन मानकावरून तिला सगळे 'डिन' म्हणतात. रेडिओ कुठल्याही कंपनीचा असो, तो त्या खाचेत बसायचा. त्यामुळे गाडी बिनरेडिओची घ्यायची आणि पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर जाऊन आपल्याला परवडेल तो स्टिरिओ टाकून घ्यायचा. चार-पाच वर्षांनी जुना झाला की काढायचा, दुसरा बसवायचा. गाडी तीच.

मग २००० नंतर डॅशबोर्ड देखणे व्हायला लागले. स्क्रीन त्यातच ओतलेला, एसीची बटणं त्यातच, गाडीची सेटिंग्जही त्यातच. बीएमडब्ल्यूच्या २००१ च्या ७ सिरीजमध्ये तर ऑडिओची यंत्रं 'मोस्ट' नावाच्या ऑप्टिकल फायबरच्या कड्याने एकमेकांना जोडलेली होती. काम उत्तम, पण कडं एका ठिकाणी तुटलं की सगळंच मुकं. अशा गाडीत बाहेरचा स्टिरिओ टाकणं म्हणजे मणक्याचं ऑपरेशन. डॅशबोर्ड सुंदर झाला आणि खाच बुजली.

माझ्या मते खरी गडबड इथे झाली. गाडी आधीही मागेच होती, पण तेव्हा तिला कुणीतरी बाहेरून येऊन पुढे ओढू शकत होतं. आता गाडीचं वय आणि तिच्यातल्या कॉम्प्युटरचं वय एकमेकांना बांधलं गेलं. अमेरिकेत २०२४ मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांचं सरासरी वय १२.६ वर्षं होतं. आपल्याकडे खासगी गाडीचं पहिलं रजिस्ट्रेशनच १५ वर्षांचं असतं. आणि फोनच्या जगात तेवढ्या काळात काय काय होतं? ऍपलचा रुंद, ३० पिनांचा कनेक्टर २००३ मध्ये आला आणि २०१२ मध्ये गेला. त्याच्या जागी आलेला लाइटनिंग आयफोनमधून २०२३ मध्ये गेला. हेडफोनचं भोकच आयफोनमधून २०१६ मध्ये गायब झालं. ज्यांनी हौसेने गाडीत ३० पिनांची वायर कारखान्यातूनच टाकून घेतली होती, त्यांच्याकडे आज एक सुंदर, निरुपयोगी वायर आहे. अमेरिकेत २०२२ मध्ये थ्रीजी बंद झालं तेव्हा बऱ्याच गाड्यांमधल्या इंटरनेटवरच्या सोयी एका रात्रीत मेल्या. गाड्या ठणठणीत होत्या.

यावर कुणी म्हणेल, टेस्लाने कसं केलं? मोठा टॅबलेट लावला, अपडेट हवेतून पाठवले, सगळ्यांना मागे टाकलं. खरंय, आणि मला त्या लोकांबद्दल आदर आहे. पण पुढची गोष्टही ऐका. २०१८ च्या सुरुवातीपर्यंतच्या मॉडेल एस आणि एक्समधल्या मुख्य कॉम्प्युटरमध्ये ८ जीबीची फ्लॅश मेमरी होती. फ्लॅश मेमरीचा प्रत्येक ब्लॉक ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो, इथे साधारण ३,००० वेळा. गाडी रोज काही ना काही लिहीत राहिली आणि पाच-सहा वर्षांत मेमरी झिजली. स्क्रीन काळा. त्याबरोबर रिव्हर्स कॅमेरा गेला आणि काचेवरचं धुकं घालवायचं बटणही, कारण तेही स्क्रीनवरच. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेत सुमारे १,३५,००० गाड्या परत बोलवाव्या लागल्या. फोनच्या आयुष्यासाठी पाच वर्षं म्हणजे चैन. गाडीसाठी पाच वर्षं म्हणजे नुकतं कर्ज फिटलं! आमच्या टीममध्ये तेव्हापासून दिवसाला किती लॉग लिहायचे याचं बजेट असतं. नवीन आलेली पोरं वैतागतात. मग त्यांना ही गोष्ट सांगायची.

मग उपाय काय? माझं उत्तर थोडं धंद्याविरुद्ध जाणारं आहे. गाडीने फार हुशार व्हायचा प्रयत्नच करू नये. जी गोष्ट दर दोन वर्षांनी बदलते ती खिशात राहू द्यावी, आणि जी पंधरा वर्षं टिकायला हवी ती गाडीत ठेवावी. स्पीकर, ऍम्प्लिफायर, आवाजाची खुंटी, चांगला स्क्रीन आणि एक साधं, उघडं दार.

असं दार प्रत्यक्षात आलंय. ऍपलने मार्च २०१४ मध्ये जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये कारप्ले दाखवलं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये गूगलने अँड्रॉइड ऑटो. दोन्हींचं तत्त्व एकच. गाणी, नकाशे, ऍप सगळं फोनमध्ये चालतं. फोन आपलं चित्र व्हिडिओसारखं गाडीच्या स्क्रीनवर पाठवतो आणि तुमचं बोट कुठे लागलं ते गाडी फोनला कळवते. बास. फोन बदला, गाडीचा स्क्रीन आपोआप नवा. मामाच्या कॅसेटचंच हे नातवंड आहे. गाडीला आत काय चाललंय हे कळायची गरजच नाही.

आणि तरीही कंपन्यांनी खळखळ केलीच. टोयोटाने सुरक्षितता आणि ग्राहकांची माहिती ही कारणं देत बराच काळ दार लावून घेतलं होतं. अमेरिकेत त्यांची कारप्लेवाली पहिली गाडी आली ती २०१९ चं मॉडेल, आणि अँड्रॉइड ऑटो त्यानंतर. बीएमडब्ल्यू अमेरिकेत कारप्लेसाठी वर्षाला ८० डॉलर मागत होती. लोकांनी बोंब मारल्यावर डिसेंबर २०१९ मध्ये त्यांनी ते सोडून दिलं. जनरल मोटर्सने २०२३ मध्ये जाहीर केलं की आमच्या नव्या इलेक्ट्रिक गाड्यांत कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो नसेल, आमचंच सॉफ्टवेअर असेल. त्यातली पहिली, शेव्हरोले ब्लेझर ईव्ही, बाजारात आली आणि सॉफ्टवेअरच्या तक्रारींमुळे डिसेंबर २०२३ मध्ये तिची विक्रीच काही काळ थांबवावी लागली.

त्यांची भीती मला कळते. स्क्रीनवर ऍपल-गूगल आले की गाडी म्हणजे चार चाकांचा स्पीकर उरतो. तुम्ही कुठे जाता, काय ऐकता ही माहिती दुसऱ्याकडे जाते, आणि महिन्याच्या वर्गणीची स्वप्नंही. शिवाय ती माहिती ऍपल-गूगलकडे गेली म्हणून आपण सुखी झालो असंही नाही. पण या दोघांच्या भांडणात पंधरा वर्षं हप्ते, पेट्रोल आणि सर्व्हिसिंग भरणारा माणूस कुठे आहे? त्याला कंपनी आठव्या वर्षी अपडेट देणार आहे का? दहाव्या वर्षी स्क्रीन गेला तर तो मिळेल का, आणि काय भावाने? या प्रश्नांवर आमच्या मीटिंगांमध्ये जेवढं बोललं जायला हवं तेवढं बोललं जात नाही. मी आपला अधूनमधून विषय काढतो. कुणीतरी म्हणतं, "व्हॅलिड पॉइंट, ऑफलाइन बोलू." झालं.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी गाडी घेणार असाल तर शोरूममध्ये स्क्रीन किती इंची आहे हे शेवटी विचारा. आधी हे बघा: फोन जोडल्यावर त्याचं चित्र स्क्रीनवर येतं का, आणि तेही खालच्या व्हेरियंटमध्ये? इंटरनेट बंद केलं तर काय काय बंद पडतं? आवाज कमी करायला आणि काचेवरचं धुकं घालवायला हाताला लागेल असं खरंखुरं बटण आहे का? आणि सेल्समनला सरळ विचारा, हा स्क्रीन आठ वर्षांनी बिघडला तर बदलायला किती लागतील. तो बहुतेक हसेल. हसू द्या, पण विचारा. शंभर जणांनी विचारलं तर तो प्रश्न कधीतरी वरपर्यंत जातो, आणि तिथून घरंगळत आमच्या टीमच्या यादीत येतो. आला की मी घेतो करायला.